फळीवरचं बारदान

आमच्याकडं पाहुण्यानं आणलेल्या वस्तूला नाव ठेवत नाहीत. लाडू खवट निघाला तरी "लई ग्वाड झालाय" म्हणत अर्धा खायचा आणि उरलेला मुठीत धरून गोठ्याकडं जायचं. रीत चांगली की वाईट, तो प्रश्न वेगळा. मी या एका रीतीवर एकोणीस वर्षं नोकरी केली.

नोकरी पुण्याच्या एका कंपनीची. शेतीची हत्यारं, फवारणीचे पंप, असलं काहीबाही बनवणारी कंपनी. माझ्याकडं बीड जिल्हा. कार्डावर छापलेला माझा हुद्दा एका दमात वाचता येत नसे. त्याचा सरळ अर्थ एवढाच, की गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते शोधून पुण्याला कळवायचं आणि पुण्यानं त्यावरून नवी वस्तू काढायची. नांदूरघाटला माझी आई शेजारणींना सांगायची, "आमचा दिगू लोकांला विचारीत हिंडतो."

"काय विचारतो?"

"ते त्यालाच म्हाईत. पर रोज विचारतो."

बाहेरच्यांसाठी हे काम थोडक्यात सांगतो. पुण्यात कुणाच्या तरी डोक्यातून एक वस्तू निघते. तिचे पाच-दहा नमुने तयार होतात. ते जीपमध्ये घालून मी गावात न्यायचे, लोकांना वापरायला द्यायचे आणि आठ दिवसांनी जाऊन फॉर्म भरायचा. वस्तू कशी वाटली? फार आवडली, आवडली, ठीक, आवडली नाही. यातल्या एकावर खूण. आता बघा, मी एखाद्याच्या दारात बसलोय, त्यानं चहा ठेवलाय, माझी वस्तू आम्हा दोघांच्या मध्ये पडलीय, आणि मी त्याला विचारतोय की ही वाईट आहे का. तो काय बोलणार? फारच वैतागलेला असला तर "बघू की" म्हणेल. 'बघू की' म्हणजे हे उचल आणि परत आणू नको, हे मला लहानपणापासून ठाऊक. पुण्याला ठाऊक नव्हतं. मी 'आवडली'वर खूण करायचो. पुण्यात त्याची रंगीत वर्तुळं व्हायची आणि ती वर्तुळं भिंतीवर बघून शहाणीसुरती माणसं माना डोलवायची.

काम मला येत नव्हतं असं मात्र नाही. तसं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. विचारून काही कळत नाही हे मी पहिल्या दोन वर्षांत शिकलो. बघावं लागतं. आणि बघायचं काय, तर चिंधी. ज्या वस्तूला गिऱ्हाइकानं चिंधी गुंडाळलीय, तार बांधलीय, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवलीय, त्या जागी कंपनीचं चुकलेलं असतं. माणूस तोंडानं तुमची वस्तू चांगली म्हणतो आणि हातानं तिला चिंधी बांधतो. फॉर्म तोंडाला विचारतो.

पाठीवरच्या फवारणी पंपाचं असंच झालं. पन्नासेक फॉर्म आले, सगळ्यांत 'पंपाचं तोंड योग्य'. एकदा आमच्याच गावात बांधावर बसलो होतो. एक म्हातारी कळशीनं पंपात पाणी ओतत होती. अर्धं पंपात, अर्धं तिच्या पायावर. आतली गाळणी तिनं कधीच काढून फेकली होती आणि तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता. पुण्यातल्या लोकांनी नळाखाली पंप भरून बघितला होता. शेतात नळ असतो का? मी कळवलं, तोंड कळशीच्या मापाचं करा, गाळणी खोल बसवा. तेव्हाचे साहेब जुन्या वळणाचे होते, त्यांनी ऐकलं. आजही केजच्या बाजारात त्या पंपाचं रुंद तोंड दिसलं की मी जरा थांबतो. त्यावर माझं नाव कुठंही नाही, पण ते तोंड माझं आहे.

मग ते साहेब गेले आणि केदार सर आले.

केदार सर पस्तिशीचे, परदेशात शिकलेले, दाढी कोरलेली, बोलणं अत्यंत गोड. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना पुण्याला बोलावून घेतलं आणि तीन दिवस भिंतीवर पिवळे कागद चिकटवायला लावले. विषय होता, ऊसतोड करणारी स्त्री. त्यांनी एक बाई कल्पनेतून तयार केली. तिचं नाव सुनीता ठेवलं. वय बत्तीस, मुलं दोन, आवड गाणी ऐकणे. सुनीता सकाळी उठल्यावर काय बघते? सुनीताला कशाची भीती वाटते? सुनीताचं स्वप्न काय? एकानं कागदावर 'स्वाभिमान' लिहून चिकटवलं आणि टाळ्या पडल्या.

मी हात वर करून म्हणालो, "सर, आमच्या गावची एक खरी बाई आहे ऊसतोडीला. दिवाळीनंतर जाते दरवर्षी."

"ग्रेट, दिगंबर! तिच्याकडे आपण नंतर येऊ. आधी सुनीता नीट समजून घेऊ."

तीन दिवसांत सुनीता इतकी समजली, की तिसऱ्या संध्याकाळी वस्तूच ठरली. सुनीताची मान दुखते. सुनीता डोक्यावर मोळी वाहते. म्हणून सुनीताला पाहिजे एक टोपी. कडक प्लास्टिकची, आतून फोम, वर मोळी टेकायला सपाट जागा, रंग पोपटी. नाव 'डोईमित्र'. आता उरलं होतं फक्त खऱ्या बायकांकडून ते वदवून घेणं, आणि ते काम माझं.

मी सांगितलेली खरी बाई म्हणजे कौसाक्का. नांदूरघाटला आमच्या घराच्या पाठीमागं तिचं माहेर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मला पोहायला तिनं शिकवलं, म्हणजे विहिरीत ढकलून दिलं. लग्न होऊन चकलांब्याला गेली. गावची लेक म्हणून मी तिला आक्का म्हणायचो आणि तिचा नवरा नामदेव, त्यांना दाजी. जोडपं दरसाल ऊस तोडायला जायचं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. जोडीदार नसला तर 'अर्धा कोयता'. आमच्या फॉर्मातही एक कोयता म्हणजे एक ग्राहक, एक उत्तर. उत्तर अर्थात नवऱ्याचं. मोळी बायकोच्या डोक्यावर, मत नवऱ्याचं. केदार सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "इंटरेस्टिंग." पुढं काही नाही. इंटरेस्टिंग ही त्यांची 'बघू की' होती.

त्या वर्षी कौसाक्काची टोळी लांब गेली नव्हती. केजपासून जीपनं तासाभरावर एका फडात होती, कडेलाच त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. मी टोप्या घेऊन गेलो. टोळी जमवून आणणारा मुकादम पुढं आला, टोपी उलटीसुलटी बघून म्हणाला, "लिहा साहेब, समद्यांला पसंत हाय. वीस कोयत्यांचं लिहून टाका एकदमच."

"बायकांना विचारतो ना."

"त्यांला काय इचारता? ती माझ्याच टोळीतली हायेत की."

फड न पाहिलेल्यांसाठी सांगतो. ऊस तोडून मोळ्या बांधल्या, की त्या ट्रकमध्ये भरायच्या. त्यासाठी ट्रकला एक लांब अरुंद फळी तिरकी लावतात. बायका डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढतात, मोळी टाकतात, मागल्या पायी उतरून दुसरी घेतात. सकाळच्या दवानं आणि उसाच्या रसानं फळी बुळबुळीत होते. डोक्यावर मोळी असली की खाली बघता येत नाही, पायाला जे लागेल त्यावर विश्वास.

आणि त्या फळीवर मला चिंधी दिसली. खताच्या पोत्याचं बारदान, लांब फाडलेलं, फळीवर अंथरून सुतळीनं जागोजाग करकचून बांधलेलं. बाकीच्या दोन ट्रकांच्या फळ्यांवर नव्हतं, एकीवरच होतं.

"हे कुणी बांधलं?" मी विचारलं.

"तुझ्या दाजीनं," कौसाक्का म्हणाली. "मी कोपीतून निघायच्या आधी हे येऊन बांधतेत. रोज. ट्रक गेला की सोडून घ्यायचं, दुसरा आला की फिरून बांधायचं. लोक हसतेत, म्हणतेत, नामदेव बायकुसाठी गालिचा अंथरतो."

दाजी शेजारीच कोयत्याला धार लावत होते. खाली मान घालून म्हणाले, "हसू द्या. हसायला काय लागतंय."

आक्काला मी टोपी दिली. टोळीसमोर तिनं ती घातली, मोळी घेतली, चढून आली. सगळे बघत होते. "लई चांगली हाय," ती म्हणाली. "मान दुखत न्हाई." मी खूण केली, फार आवडली. मग पाणी प्यायच्या निमित्तानं मला बाजूला घेऊन तिनं टोपी माझ्या हातात दिली.

"दिगू, लोकांपुढं तुजी नोकरी हाय म्हणून चांगलं म्हणले. ही तुजी टोपी मोळीला धरीत न्हाई, मोळी वरून घसरती. आमची चुंबळ बरी. फडक्याची वाटोळी वळकटी, कुनी बी करतंय. मानंचं काय घिऊन बसलास? मानंनं कुनी मेलं न्हाई. फळीचं बघ. आडव्या पट्ट्या ठोका म्हणाव, हातभर अंतरानं. आन् धरायला एक दोरी. मागच्या साली आष्टीकडची एक बाई फळीवरनं पडली, ती उठलीच न्हाई. लिही हे."

"लिहितो."

"लिहिशील नव्हं?"

"लिहितो म्हणालो ना, आक्का."

तिथूनच केदार सरांना फोन लावला. एवढं मी केलं. म्हणालो, "सर, टोपी नकोय त्यांना. फळी पाहिजे, पट्ट्या मारलेली."

"फळी कुणाच्या मालकीची असते?"

"ट्रकवाल्याची. कधी मुकादमाची."

"मग ती बाई फळीची ग्राहकच नाही ना? दिगंबर, आपण उत्तर घेऊन निघालोय. तुम्ही मला नवीन प्रश्न देऊ नका."

असा माणूस गिऱ्हाइकाची गरज ओळखण्याच्या खात्याचा प्रमुख होता. तेव्हा मला त्याची चीड आली असती तर किती बरं झालं असतं. मला भीती वाटली. फॉर्मच्या शेवटी 'इतर सूचना' म्हणून एक रकाना होता, दोन ओळींचा. त्यात मी लिहिलं, 'रंग आवडला.' रंगाबद्दल कुणी शब्दही काढला नव्हता.

पंधरा दिवसांनी केदार सर स्वतः आले. बरोबर कॅमेरावाला. जाहिरातीची फिल्म करायची होती आणि बाई कोण, तर माझ्या फॉर्मात सगळ्यात जास्त खुश असलेली. कौसाक्का. "हीच आपली सुनीता," केदार सर म्हणाले आणि दिवसभर तिला सुनीताताई म्हणत राहिले. तिनं दोनदा सांगितलं, माझं नाव कौसाबाई. नंतर सोडून दिलं.

सरांना फ्रेममध्ये फक्त बायका पाहिजे होत्या. स्त्रीशक्ती. म्हणून दाजींना आणि बाकीच्या गड्यांना फडाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. दाजी जाताना फळीपाशी थांबले, गाठी चाचपून बघितल्या आणि गेले.

आक्का पोपटी टोपी घालून एकदा चढली. व्यवस्थित चढली, वर जाऊन हसलीसुद्धा. काम झालं होतं. पण केदार सर कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "ते पोतं काय आहे फळीवर? गबाळं दिसतंय. सगळी प्रीमियम फीलिंग जातेय. काढा ते. आणि एकदा परत घेऊ."

कॅमेरावाला ट्रकवर होता. सर खुर्चीत. खाली मोकळा मी एकटा.

मी काढलं. सुतळीच्या गाठी इतक्या पक्क्या होत्या की नखानं सुटेनात. खिशातल्या किल्लीनं उकलल्या, एक एक करून, पाच. सहावी दातानं. बारदान ओढून फळीच्या बुडाशी टाकलं. ही चिंधी कशासाठी आहे हे त्या फडात मला जितकं कळत होतं तितकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. तो माझा धंदा होता.

दोघी बायका आक्काच्या डोक्यावर मोळी देत होत्या, त्यांचं लक्ष मोळीकडं. आक्का म्हणाली, "आजून एकडाव कावून रे? झालं की मघाशी."

मी म्हणालो, "शेवटचं, आक्का. माझ्यासाठी."

चौथ्या पावलाला तिचा पाय गेला. मोळी टोपीवरून आडवी फिरली आणि तिला घेऊन खाली आली. आवाज फार झाला नाही.

माणसं धावली. फडाच्या टोकाकडून दाजी आले, अनवाणी, हातात कोयता तसाच. आधी आक्काजवळ बसले. मग त्यांची नजर फळीवर गेली, मग बुडाशी पडलेल्या बारदानावर. ते त्यांनी उचललं, सुतळीचा लोंबता तुकडा बोटात धरला आणि म्हणाले, "गाठ सुटली. माजी गाठ सुटली."

मी तीन हातांवर उभा होतो. केदार सर माझ्याकडं बघत होते. मी काही बोललो नाही.

त्यांनी नंतर जीपमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचा काही दोष नाही, दिगंबर." म्हणजे त्यांचाही नाही.

आक्काला अंबाजोगाईला नेलं. खुब्याचं हाड. दवाखान्याचं कंपनीनं बघितलं. त्यासाठी एक कागद करावा लागला, त्यात 'नेहमीचं काम करताना तोल जाऊन पडली' असं लिहिलं आहे. अक्षर माझं.

फिल्म तयार झाली. पहिल्यांदा चढलेली दृश्यं वापरली, बारदान कॉम्प्युटरवर पुसून. मोठ्या हॉटेलात समारंभ झाला, पडद्यावर आक्का हसली, "लई चांगली हाय, मान दुखत न्हाई" म्हणाली आणि खाली अक्षरं आली, 'सुनीता, ऊसतोड उद्योजिका'. मला काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. ग्राहकाच्या अंतर्मनाचा वेध घेतल्याबद्दल. ते मी घेतलं, हेही लिहून ठेवतो. हस्तांदोलन करून, फोटोसाठी हसून घेतलं.

डोईमित्र पुढल्या हंगामात बंद पडली. फुकट वाटलेल्या टोप्या मी पाहिल्या आहेत. एकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. एकीनं शेळीला पेंड मोजून घालत होते. पुण्याच्या अहवालात अपयशाचं कारण दिलं होतं, 'ग्राहकाची बदल स्वीकारण्याची मानसिकता नाही'. केदार सर त्याच अहवालाच्या जोरावर मोठ्या कंपनीत गेले. ऐकतो की आता ते इतरांना शिकवतात. मला नवल वाटत नाही. त्यांच्यावर हसणं सोपं आहे, आणि गेली सहा वर्षं मी मित्रांमध्ये ते मनसोक्त हसून घेतलं. सुनीताची गोष्ट मी फार रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. गोष्ट मी फळीच्या अलीकडं थांबवतो.

आक्का आता काठी घेऊन चालते. दाजी दोन हंगाम अर्धा कोयता म्हणून गेले, मग सोडलं. शेळ्या पाळतात. मी दर दिवाळीला चकलांब्याला जातो, माहेरचा माणूस म्हणून मिठाई नेतो, जेवून येतो. माझ्या ताटात दाजी स्वतः वाढतात.

आणि दाजी गाठी मारतात. शेळी खुंट्याला बांधली की दुसरी गाठ, मग तिसरी, मग ओढून बघायची. बाजेचं सुंभ, दाराची कडी, पिशवीचं तोंड. गेल्या उन्हाळ्यात मी समोर बसलो होतो आणि आक्का हसून म्हणाली, "बघ की तुज्या दाजीचं. शेळी सोडायला मला अर्धा तास लागतो."

दाजी हसले नाहीत. म्हणाले, "एकडाव चुकलो. बायकू पांगळी केली. आता न्हाई."

त्या दिवशी मी भाकरी अर्धी टाकून उठलो. पोटाचं कारण सांगितलं.

कंपनीनं फिरतीचं खातं मोडलं, नोकरी गेली. आता केजला पंपदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. संपादक माझे जुने स्नेही. त्यांनी या अंकासाठी खेड्यापाड्यातल्या गिऱ्हाइकांच्या गमती मागितल्या. मी चार पानं लिहिलीही, पंप, म्हातारी, सुनीता. वाचून बघितली. खुसखुशीत झाली होती. फळीच्या अलीकडं थांबली होती. ती फाडली, सगळं लिहायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी चकलांब्याची जीप धरली. छापून आल्यावर दाजींना दुसऱ्या कुणी वाचून दाखवण्याआधी मला सांगायचं होतं. यातही धैर्य किती आणि धाक किती, ते तुम्हीच ठरवा.

सवयीनं पेढ्यांचा पुडा नेला होता. दुपार होती. आक्का ओट्यावर लसूण सोलत बसली होती, दाजी शेळीचं दावं वळत होते. चहा झाला. मी म्हणालो, "दाजी, ती गाठ सुटली नव्हती."

"कंची?"

"फळीवरची. मी सोडली. सायबानं काढ म्हणून सांगितलं आणि मी काढली. सहा गाठी होत्या. सुटत नव्हत्या, किल्लीनं उकलल्या."

दाजींचे हात दाव्यावर तसेच राहिले. आक्कानं लसणाची पाकळी खाली ठेवली.

"आणि आक्का, तू पट्ट्यांचं सांगितलंतंस. ते मी लिहिलं नाही. फोनवर एकदा बोललो, पण कागदावर लिहिलं नाही."

मग आक्का म्हणाली, "मी सगळीकडं सांगत आले, आमच्या दिगूनं लिहून दिलतं, कंपनीनं ऐकलं न्हाई. गावात सांगितलं. माहेरला सांगितलं. तुज्या आईला सांगितलं मी, मरायच्या आधी."



दाजी तिला म्हणाले, "ऐकलंस? सहा गाठी व्हत्या. किल्ली लागली सोडायला."

"मी कवा म्हणले तुमची सुटली म्हणून?"

"तू न्हाई म्हणलीस. मीच म्हणत व्हतो." ते उठले. आत गेले, परत आले, परत आत गेले. जागा सापडत नसल्यासारखे. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आजवर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती, पाहुणे म्हणायचे.

"दिगंबर," ते म्हणाले, "सहा दिवाळ्या तू हितं जेवलास. मी वाढलं तुला."

"हो."

त्यांनी पेढ्यांचा पुडा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "हे घिऊन जा. ग्वाड न्हाईत तुजे पेढे. कवाच नव्हते. खव्याला वास येतो. ती टोपी बी वाईट व्हती, पहिल्या दिवशीच आमाला कळलं व्हतं. आन् तू केलंस ते लई वाईट केलंस."

मी उठलो. आक्का काठी टेकत दारापर्यंत आली. 'ये' म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "आता तरी लिही. माजं नाव नीट घाल."

जीप यायला वेळ होता. स्टँडवर बसून मी खिशातला कागद काढला आणि दोघांचं बोलणं तिथंच उतरवून घेतलं, शब्द न बदलता. फडात आक्कानं बाजूला घेऊन सांगितलं ते सोडलं, तर एकोणीस वर्षांत माझ्या वस्तूबद्दल मला तोंडावर मिळालेला हा पहिला खरा अभिप्राय. तो वर दिला आहे. राहिलेली सूचना खाली देतो. तिला सहा वर्षं उशीर झाला आहे.

कौसाबाई नामदेव, राहणार चकलांबा, माहेर नांदूरघाट. फळीला हातभर अंतरानं आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. धरायला एक दोरी असावी.